तेल कोणाच्या मालकीचे? नोकरी कोणाच्या वाट्याची?

चेंबूर-ट्रॉम्बेच्या वस्त्यांमधून रात्री माहूलच्या रिफायनरीची ज्योत दिसते. त्या ज्योतीच्या उजेडात आणि त्या धुराच्या वासात आपल्या लोकांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. मागे आम्ही एका अभ्यासवर्गात तेल आणि वायूच्या अर्थकारणावर बोलायला उभे राहिलो, तेव्हा मागच्या रांगेतून एक तरुण म्हणाला, "तेलाचा आणि आपला काय संबंध? आपला संबंध फक्त पंपावर पैसे देण्याचा."

प्रश्न बरोबर होता. शेअर बाजार, कच्चे तेल, रिफायनरी हे विषय आपले नाहीत असे आपल्याला शिकवले गेले आहे. आपले विषय म्हणजे अत्याचार, आरक्षण आणि जयंती! पण भारतातल्या तेलाचा इतिहास नीट वाचला तर दिसते, की या उद्योगाची मालकी जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा तेव्हा आपल्या वाट्याला काय येणार हेही बदलले. आता ती मालकी पुन्हा बदलते आहे, म्हणून हा लेख.

बाबासाहेबांचा मुद्दा

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ऑक्टोबर 1943 मध्ये विजेच्या विकासावर बोलताना त्यांनी एक साखळी मांडली. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत. उद्योग उभे राहिले नाहीत तर शेतीवरचा भार हटणार नाही. आणि तो हटल्याशिवाय गरिबीचे चक्र तुटणार नाही. ऊर्जेकडे ते गरिबाच्या मुक्तीचे साधन म्हणून पाहत होते.

मार्च 1947 मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी पुढचे पाऊल टाकले. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, राज्यानेच ते चालवावेत, आणि ही तरतूद संविधानातच असावी. ती संविधानातच का? साधा कायदा असेल तर उद्याचे बहुमत तो मोडू शकते, ही भीती त्यांना होती. ती भीती किती खरी होती, हे तेलाच्याच इतिहासात पुढे दिसते.

कंपनी राज

आसाममधल्या दिगबोईला 1889 मध्ये तेल लागले आणि 1901 मध्ये तिथे रिफायनरी सुरू झाली. 1921 नंतर हा कारभार बर्मा ऑइल या ब्रिटिश कंपनीच्या हाती गेला. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातला तेलाचा व्यापार बर्मा शेल, स्टॅनव्हॅक आणि कॅलटेक्स या परदेशी कंपन्यांच्या ताब्यात होता.

1948 च्या औद्योगिक धोरणाने खनिज तेलाचे नवे उद्योग सरकारच काढेल असे ठरवले. पण तीनच वर्षांत अपवाद सुरू झाले. स्टॅनव्हॅकची रिफायनरी 1954 मध्ये ट्रॉम्बेला, बर्मा शेलची 1955 मध्ये तिच्या शेजारी, आणि कॅलटेक्सची 1957 मध्ये विशाखापट्टणमला उभी राहिली. 25 वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, अशी हमी सरकारने या कंपन्यांना दिली होती. धोरण कागदावर आणि करार कंपनीच्या खिशात!

याचा खरा अर्थ 1960 मध्ये कळला. सोव्हिएत संघ स्वस्त कच्चे तेल द्यायला तयार होता. या कंपन्यांनी ते आपल्या रिफायनरीत शुद्ध करायला साफ नकार दिला. रिफायनरी आपल्या भूमीवर, कामगार आपले, गिऱ्हाईक आपले; पण निर्णय लंडन आणि न्यूयॉर्कचा.

या काळात केशवदेव मालवीय या मंत्र्यांनी सार्वजनिक क्षेत्राचा आग्रह धरला. 1956 मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे ओएनजीसी, स्थापन झाला. भारतात फारसे तेल नाही, असे परदेशी कंपन्या सांगत होत्या. सोव्हिएत आणि रुमानियन तज्ज्ञांच्या मदतीने 1958 मध्ये खंबातला आणि 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल सापडले. 1959 मध्ये इंडियन ऑइल कंपनी निघाली. सरकारी रिफायनऱ्या उभ्या राहिल्या: 1962 मध्ये गुवाहाटी, 1964 मध्ये बरौनी, 1965 मध्ये कोयली.

बॉम्बे हाय आणि राष्ट्रीयीकरण

1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेला. भारताचे कंबरडे मोडायची वेळ आली. त्याच सुमारास, फेब्रुवारी 1974 मध्ये, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाला तेल लागले. मे 1976 मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर देश आपली जवळपास दोन तृतीयांश तेलाची गरज स्वतः भागवू लागला. खासगी भांडवल ज्या समुद्रात पैसा बुडवायला तयार नव्हते, तिथे जनतेच्या पैशाने हे घडवले.

याच काळात परदेशी कंपन्याही सरकारच्या ताब्यात आल्या. 1974 मध्ये एस्सोसाठी (जुन्या स्टॅनव्हॅकची वारसदार) कायदा झाला आणि हिंदुस्तान पेट्रोलियम जन्मली. 1976 मध्ये बर्मा शेलचा कायदा झाला, तिची भारत पेट्रोलियम झाली. पुढे कॅलटेक्सही सरकारजमा झाली.

एका कारकुनाचा खटला

आता एक गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवी. सोमप्रकाश रेखी हे बर्मा शेलमध्ये कारकून होते. 1973 मध्ये ते निवृत्त झाले. कंपनीने त्यांचे तुटपुंजे निवृत्तिवेतन आणखी कापले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तोवर बर्मा शेलची भारत पेट्रोलियम झाली होती. कंपनी म्हणाली, आम्ही कंपनी कायद्याखालची एक कंपनी आहोत. मूलभूत हक्क आमच्याविरुद्ध मागता येणार नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी हे अमान्य केले. नोव्हेंबर 1980 च्या या निकालाने सांगितले, की भारत पेट्रोलियम संविधानाच्या अनुच्छेद 12 नुसार 'राज्य' आहे.

याचा अर्थ काय? रिफायनरी तीच, टाक्या त्याच, फाटकही तेच. पण मालकी बदलली आणि त्या फाटकातून संविधान आत गेले. संविधानाबरोबर समतेचा हक्क आला आणि राखीव जागाही आल्या. बिंदुनामावली आली, अनुशेष मोजण्याची सोय आली, अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. सरकारी तेल कंपन्यांच्या पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सींच्या वाटपात अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून 22.5 टक्के वाटा ठेवला गेला. ज्याच्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याच्या पंपावर गावच्या पाटलाची गाडी रांगेत उभी राहू लागली. हे थोडे थोडके नाही.

अर्थात सार्वजनिक क्षेत्र म्हणजे स्वर्ग होता असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रीयीकरण कोणी आपल्यासाठी केले नव्हते. वरच्या पदांवर अनुशेष वर्षानुवर्षे राहिला. पंप नावाला दलिताचा आणि गल्ल्यावर सावकार, असेही प्रकार झाले. सफाई, टाक्यांची धुलाई, भराई यांसारखी जोखमीची कामे कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटी कामगारात आपली माणसे भरपूर, पण तिथे ना बिंदुनामावली ना बढती. तरीही एक फरक उरतोच. सरकारी कंपनीला आपण जाब विचारू शकतो, माहितीचा अधिकार वापरू शकतो, संसदेच्या समितीपुढे तिला उभी करू शकतो. खासगी मालकापुढे यातले काय चालते?

उलटा प्रवास

1991 नंतर चक्र उलटे फिरले. 1999 पासून तेलक्षेत्रांचे लिलाव नव्या धोरणाने सुरू झाले आणि खासगी कंपन्या मोठ्या प्रमाणावर आल्या. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकायची तयारी झाली. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली: या कंपन्या संसदेच्या कायद्याने राष्ट्राच्या झाल्या आहेत, संसदेने कायदा बदलल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत.

मग काय झाले? 2016 मध्ये 'कालबाह्य' कायद्यांची साफसफाई करणारा एक कायदा झाला. त्या झाडूत बर्मा शेलचा 1976 चा कायदाही गेला. आपल्यापैकी किती जणांना हे त्या वेळी कळले? नोव्हेंबर 2019 मध्ये मंत्रिमंडळाने भारत पेट्रोलियममधला सरकारचा 52.98 टक्के हिस्सा विकायला मंजुरी दिली. मे 2022 मध्ये ती विक्री मागे घेतली गेली, कारण बोली लावणाऱ्यांपैकी एकच उरला होता. म्हणजे राखीव जागा वाचल्या त्या आपल्या आंदोलनामुळे नव्हे, गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे! बाबासाहेब ही तरतूद संविधानातच का मागत होते, याचे उत्तर इथे आहे.

आजचा हिशेब

आज भारत तेलाचा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा ग्राहक आहे. 2023-24 मध्ये देशात सुमारे 23 कोटी टन पेट्रोलियम पदार्थ खपले. बॉम्बे हाय म्हातारे झाले आहे. कच्च्या तेलाची 85 टक्क्यांहून अधिक गरज आयातीतून भागते, नैसर्गिक वायूची जवळपास निम्मी. आखातात युद्ध पेटले की आपल्या रिक्षावाल्याचे मीटर हलते.

तेल सरकारची तिजोरीही भरते. 2020 मध्ये जगात तेल कोसळले तेव्हा ग्राहकाला स्वस्त पेट्रोल मिळाले नाही. केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला 19.98 वरून 32.98 रुपये झाले, डिझेलवर 15.83 वरून 31.83. आयकर श्रीमंतीप्रमाणे वाढतो, पेट्रोलवरचा कर तसा वाढत नाही. कारखानदार आणि डिलिव्हरीची बाइक चालवणारा आपला भाऊ लिटरमागे सारखाच कर भरतो. उज्ज्वला योजनेने 2016 पासून 10 कोटींवर जोडण्या दिल्या, ही चांगलीच गोष्ट. पण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून आमच्या कामाच्या गावांत आया-बहिणी पावसाळ्यातही चूल पेटवताना दिसतात.

पुढचा बाजार कोणाचा?

काही मित्र म्हणतात, तेलाचे युग संपत आले, आता यावर भांडून काय उपयोग? हे अर्धसत्य आहे. 2030 पर्यंत जगातल्या तेलाच्या मागणीत सर्वाधिक भर भारताची असेल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. ऊर्जेतला वायूचा वाटा सध्याच्या सहा-सात टक्क्यांवरून 2030 पर्यंत 15 टक्क्यांवर नेण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. म्हणजे पुढची काही वर्षे तरी पाइपलाइन, टर्मिनल, सीएनजी, घरगुती गॅस यांत मोठी गुंतवणूक आणि भरती होणार. त्यानंतर सौरऊर्जा, बॅटरी, हायड्रोजन. देशाने 2070 चे शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य जाहीर केले आहे.

पण हा नवा बाजार कोणत्या मालकीने उभा राहतो आहे ते पाहा. पेट्रोनेट एलएनजी ही कंपनी ओएनजीसी, इंडियन ऑइल, गेल आणि भारत पेट्रोलियम या चार सरकारी कंपन्यांनी काढली. त्यांचा हिस्सा प्रत्येकी 12.5 टक्के, एकूण 50 टक्के. सरकारी कंपनी ठरायला सरकारचा हिस्सा किमान 51 टक्के लागतो. पैसा जनतेच्या कंपन्यांचा, पण एका टक्क्याच्या फरकाने सरकारी कंपन्यांवरचे राखीव जागांचे बंधन बाहेरच राहते! मुंबईत घरोघर पाइपने गॅस देणाऱ्या महानगर गॅसमध्ये गेलचा 32.5 टक्के आणि महाराष्ट्र सरकारचा 10 टक्के हिस्सा आहे. तीही या व्याख्येत बसत नाही. सौरऊर्जा तर बहुतांशी थेट खासगी भांडवलाकडे चालली आहे. इथेनॉलचे तसेच: साखर कारखान्याच्या मालकाला नवा बाजार मिळाला, ऊसतोड कामगाराच्या पालात काय बदलले?

विक्रीची घोषणा झाली की आपण मोर्चा काढतो. इथे विक्री नाही, घोषणा नाही. जुना उद्योग हळूहळू म्हातारा होईल, नवा बंधनाबाहेर जन्मेल, आणि कोणी आरक्षण रद्द न करताच ते संपलेले असेल.

म्हणून आमच्या मते तीन कामे तातडीची आहेत. एक, प्रत्येक सरकारी तेल कंपनीची बिंदुनामावली, अनुशेष आणि कंत्राटी कामगारांची संख्या माहिती अधिकारात मागवून जाहीर करावी. दोन, जिथे सरकारी कंपनीचा पैसा, जमीन किंवा परवाना आहे तिथे हिस्सा 50 टक्क्यांहून कमी असला तरी राखीव जागा लागू व्हाव्यात, अशी कायद्याची मागणी लावून धरावी. तीन, आपल्या मुला-मुलींना पेट्रोलियम, वायू आणि सौर तंत्रज्ञानाच्या आयटीआय, डिप्लोमा आणि अभियांत्रिकीकडे आजच वळवावे, कारण जागा मागताना उमेदवारही उभा लागतो.

अभ्यासवर्गातला तो तरुण पुढच्या रविवारी पुन्हा आला. या वेळी पुढच्या रांगेत बसला आणि त्याने माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते विचारले. त्या दिवशी आम्ही भाषण केले नाही, सगळ्यांनी मिळून अर्ज लिहिला.

जय भीम!