देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि ६१७४

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. शिक्षण बीएस्सी, पुढचं संशोधन स्वतःच्या बळावर. नोकरी नाशिकजवळ देवळालीला, शाळेत मास्तर.

मोबाईलवर करून बघा. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. समजा ३५२४. आकडे आधी उतरत्या, मग चढत्या क्रमानं लावून वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. उत्तरावर पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. परत: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वेळात हाच आकडा येतो.

आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटला. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं, तेव्हा गुरुजी जगाला कळले. १९८६ साली ते गेले. ६१७४ ला आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.