सर्वकालीन एकदिवसीय संघ : निकष, दावेदार आणि विदर्भाचा प्रश्न

भारताने पहिला एकदिवसीय सामना 13 जुलै 1974 रोजी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली लीड्स येथे इंग्लंडविरुद्ध खेळला. तेव्हापासून गेल्या पाच दशकांत या प्रकाराने देशाच्या पुरुष संघाला 1983 आणि 2011 अशी दोन विश्वविजेतेपदे दिली. भारताचा सर्वकालीन एकदिवसीय संघ कोणता, हा वादही तेवढाच रंगत गेला. मुंबईच्या मैदानांपासून यवतमाळच्या चहाच्या टपरीपर्यंत प्रत्येकाचा संघ वेगळा असतो, कारण प्रत्येकाचे निकष वेगळे असतात.

काळ बदलला, नियम बदलले

केवळ धावा आणि बळी मोजून हा संघ निवडता येत नाही. 1983 पर्यंत विश्वचषकाचे सामने 60 षटकांचे होते. 1987 पासून ते 50 षटकांचे झाले. 1992 च्या विश्वचषकात पहिल्या 15 षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याची अट आली आणि सलामीच्या फलंदाजाचे काम पालटले. 2011 अखेरपासून प्रत्येक डावात दोन नवे चेंडू वापरले जाऊ लागले. चेंडू जुना होईना, त्यामुळे रिव्हर्स स्विंग दुर्मिळ झाला आणि तीनशे धावा ही नित्याची बाब बनली. 2025 मध्ये शेवटच्या 16 षटकांसाठी पुन्हा एकच चेंडू ठेवण्याचा नियम करण्यात आला. म्हणूनच कपिल देव यांच्या काळातील धावगतीची तुलना आजच्या फलंदाजांशी थेट करणे अन्यायाचे ठरते.

या बदलाचे बोलके उदाहरण सुनील गावसकर यांचे आहे. 1975 च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर त्यांनी 174 चेंडूंत नाबाद 36 धावा केल्या. त्याच गावसकर यांनी 31 ऑक्टोबर 1987 रोजी नागपूरला, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, अंगात ताप असताना न्यूझीलंडविरुद्ध 88 चेंडूंत नाबाद 103 धावा फटकावल्या. 222 धावांचे लक्ष्य भारताने अवघ्या 32.1 षटकांत गाठले. याच सामन्यात चेतन शर्मा यांनी विश्वचषकातील पहिली हॅट्ट्रिक नोंदविली. गावसकर यांचे 108 सामन्यांतील हे एकमेव एकदिवसीय शतक. विदर्भातील जुन्या रसिकांच्या संघात त्यांचे नाव का येते, याचे उत्तर या डावात आहे.

सलामी आणि मधली फळी

सचिन तेंडुलकरबद्दल दुमत नाही. 463 सामन्यांत 18,426 धावा, 49 शतके आणि शिवाय 154 बळी. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतकही त्याचेच, 24 फेब्रुवारी 2010 रोजी ग्वाल्हेरचे. खरा प्रश्न त्याच्या जोडीदाराचा. सौरव गांगुलीसह त्याने सलामीला 6,609 धावांच्या भागीदाऱ्या रचल्या. डावखुरा असणे ही गांगुलीची जमेची बाजू. वीरेंद्र सेहवागचा स्ट्राइक रेट शंभराच्या वर, पण सरासरी 35 च्या आसपास. रोहित शर्माच्या नावावर तीन द्विशतके, त्यांतील 264 हा विश्वविक्रम, आणि 2019 च्या विश्वचषकातील पाच शतके. रोहित घडला मुंबईत, मात्र त्याचा जन्म नागपूरच्या बनसोड येथला.

तिसऱ्या क्रमांकावर विराट कोहली जवळपास निर्विवाद आहे. वानखेडेवर 15 नोव्हेंबर 2023 रोजी त्याने 50 वे शतक झळकावून सचिनचा विक्रम मागे टाकला. त्यापुढे राहुल द्रविड, महंमद अझरुद्दीन आणि युवराज सिंग यांच्यात चुरस आहे. द्रविडच्या धावा 10,889. संघाला जादा फलंदाज खेळवता यावा, म्हणून 2003 च्या विश्वचषकात त्याने यष्टिरक्षणाचा भार उचलला. युवराजचे पारडे मात्र 2011 च्या विश्वचषकाने जड होते. त्या स्पर्धेत त्याने 362 धावा केल्या आणि 15 बळी घेतले.

अष्टपैलू, यष्टिरक्षक, गोलंदाज

कपिल देव यांच्या 225 सामन्यांत 3,783 धावा आणि 253 बळी आहेत. 1983 मध्ये टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध 5 बाद 17 अशा अवस्थेत त्यांनी नाबाद 175 धावा केल्या. तो डाव नसता, तर विश्वचषक बहुधा आला नसता. यष्टींमागे महेंद्रसिंग धोनी आहे. धावा 10,773, सरासरी पन्नाशीच्या वर आणि 123 यष्टिचित. जामठ्याच्या मैदानावर 28 ऑक्टोबर 2009 रोजी झालेल्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध 124 धावांची खेळी त्याचीच होती.

गोलंदाजीत अनिल कुंबळे 337 बळींसह भारतीयांत अग्रस्थानी आहे. 1993 च्या हिरो चषकाच्या अंतिम सामन्यातील त्याचे 12 धावांत 6 बळी आजही सांगितले जातात. वेगवान गोलंदाजांत जवागल श्रीनाथचे 315 बळी, मुंबईकर अजित आगरकरचे 191 सामन्यांत 288 आणि श्रीरामपूरच्या झहीर खानचे 200 सामन्यांत 282. आकड्यांत आगरकर पुढे असूनही संघात बहुधा झहीरच येतो, कारण 2011 च्या विश्वचषकात त्याने 21 बळी घेतले. मोठ्या स्पर्धेतील कामगिरीला किती वजन द्यावे, हा या वादाचा गाभा. त्याच निकषावर महंमद शमीचा 2023 च्या विश्वचषकातील 24 बळींचा दावा भक्कम ठरतो. अखेरच्या षटकांसाठी मात्र पहिली पसंती जसप्रीत बुमराहलाच मिळते.

विदर्भ कुठे आहे?

अशा यादीत विदर्भातून घडलेला एकही खेळाडू सहसा नसतो. उमेश यादवने 2015 च्या विश्वचषकात भारतातर्फे सर्वाधिक 18 बळी घेतले. 75 सामन्यांत 106 बळी ही त्याची कमाई. नागपूरच्या फैज फजलने जून 2016 मध्ये हरारेत नाबाद 55 धावा केल्या, पण तो त्याचा पहिला आणि शेवटचा एकदिवसीय सामना ठरला. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. नोव्हेंबर 2021 मध्ये मणिपूरविरुद्धच्या ट्वेंटी-20 सामन्यात त्याने चारही षटके निर्धाव टाकून दोन बळी घेतले. भारताची टोपी मात्र त्याला मिळाली नाही.

विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 अशी तीनदा रणजी विजेतेपदे मिळविली, तेव्हा गुणवत्तेची वानवा आहे असे म्हणता येत नाही. सर्वकालीन संघात शिरण्यासाठी दोनशे-तीनशे सामने लागतात. एका सामन्याच्या संधीवर कोणाचीही थोरवी सिद्ध होत नाही. तालुक्याच्या गावातील मुलाला टर्फ विकेट, प्रशिक्षण आणि निवड चाचणीसाठी नागपूर गाठावे लागते. त्या वाटेवर किती जण गळतात, याची नोंद कोणत्याही धावफलकात नसते.

सर्व निकष ताडून पाहता सचिन, रोहित, कोहली, युवराज, धोनी, कपिल, रवींद्र जडेजा, कुंबळे, झहीर आणि बुमराह या दहा नावांवर बऱ्यापैकी एकमत होऊ शकते. अकरावी जागा सेहवागची, गांगुलीची, द्रविडची की शमीची, हे ज्याने त्याने ठरवावे. जादा फलंदाज की जादा गोलंदाज, हा निर्णय शेवटी खेळपट्टी पाहूनच घ्यावा लागतो.