पोटखराब्यातील पिल्लू

अहमदनगराहून औरंगाबादेस जाणाऱ्या सडकेवर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव नावाचे जे गाव लागते त्याची ख्याती गुरांच्या बाजारासाठी आहे. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत ज्यांनी कोणत्याही बाजारात पाहिली असेल, त्यांना हे सांगावयास नको की, जनावराचे दात, खांदा, चाल आणि कास यांपैकी एकही गोष्ट अशा व्यवहारात हिशेबाबाहेर राहत नाही. आमच्या मुलखाचा स्वभावच मुळी हिशेबाचा. पेशव्यांच्या दफ्तरापासून इंग्रजी अमदानीतील जमाबंदीपर्यंत विहिरी, झाडे, कुरणे, इनामे, बलुती या सर्वांची मोजदाद झाली. परंतु या तालुक्यासह साऱ्या नगर जिल्ह्याच्या माळांवर जो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या वाढला, त्याच्या पिल्लांची गणती कोणी केली नाही, आणि जी काय गणती झाली ती मारलेल्यांची झाली.

हा पक्षी म्हणजे माळढोक. उभा राहिला असता सुमारे मीटरभर उंच, नर वजनाने १५ किलोपर्यंत भरणारा, मादी त्याच्या निम्म्याहूनही हलकी. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके जड शरीर वागविणारे फारच थोडे. विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवून जो खोल हुंकार काढतो, तो अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो. पर्जन्यछायेतील हा जिल्हा, त्यातील रब्बी ज्वारीची काळी राने, आणि त्या रानांमध्ये पसरलेले, कुसळी आणि पवन्या गवताचे, मधूनमधून बोरी-तरवडाची झुडुपे मिरविणारे मुरमाड माळ, हेच त्याचे राज्य होते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात खरचल या नावाने ज्या पक्ष्याच्या मांसाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे, तो हाच होय; आणि ज्याच्या मांसाची बादशहा स्तुती करतो त्या प्राण्याचे पुढे काय होते, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

१८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने नगरचा भुईकोट सर केला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आणि छावणीतल्या साहेबलोकांना दख्खनचे माळ शिकारीसाठी मोकळे झाले. त्यांपैकी रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात नगरच्या मुलखात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. वीस वर्षांचा हा हिशेब मांडून पाहिला, तर दर आठवड्यास जवळजवळ एक पक्षी पडला असे निघते. माळढोक मोठा सावध. मोकळ्या माळावर घोडेस्वार दुरून दिसताच तो पाय उचलतो. परंतु बैलगाडीची त्यास सवय असे, कारण गाडी म्हणजे शेतकरी आणि शेतकरी म्हणजे निरुपद्रवी अशी त्याची समजूत. तेव्हा शिकारी गाडीत बसून, वळसे घेत घेत, हळूहळू अंतर कमी करीत. शेतकऱ्यावरील विश्वासाचा असा उपयोग कोणी करून घ्यावा, याचे मला आजही वैषम्य वाटते. पुढे जीप आली आणि हे वळसे घेण्याचीही गरज उरली नाही.

याच काळात, मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर म्हणून एल्फिन्स्टनने नेमलेला कर्नल सायक्स दख्खनभर हिंडून माणसे, पिके, पर्जन्य आणि पाखरे यांची टिपणे करीत होता. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. माळावरच्या एका चंडोलास अजूनही सायक्सचे नाव आहे. गणना हाच ज्याचा व्यवसाय, असा हा मनुष्य. तरी पक्ष्यांच्या जातींची यादी करणे निराळे आणि यंदा माळावर पिल्ले किती जगली हे पाहणे निराळे.

हे दुसरे काम अमेरिकेत होते. तेथील रानटी टर्की विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीने आणि जंगलतोडीने बहुतेक नामशेष झाली होती. ती पुन्हा वाढविल्यावर तेथील वन्यजीव खात्यांनी असा परिपाठ घातला की, जुलै-ऑगस्टमध्ये शिकारी, शेतकरी आणि वनरक्षक यांनी दृष्टीस पडलेल्या माद्या आणि त्यांच्यामागची पिल्ले मोजून कळवावीत, आणि त्यावरून पुढील शिकारीचा अंदाज बांधावा. परंतु टर्कीची मादी एका वेळेस दहाबारा अंडी घालते. तिच्यामागून चालणारी पलटण मोजण्याजोगी असते. माळढोकाची मादी वर्षास बहुधा एकच अंडे घालते, तेही घरट्यावाचून, उघड्या जमिनीवर. सुमारे महिनाभर एकटीच उबविते, कारण नर या संसारात कोठेच नसतो. ९६१ या आकड्यासमोर हे एक अंडे ठेवून पाहावे.

अंड्यातून निघालेले पिल्लू लगेच चालू लागते, पण ते दिसणे महाकठीण. मातकट अंगावर काळसर ठिपके. धोका दिसताच जमिनीशी असे चिकटते की, दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसास ढेकूळ वाटावे. आई नाकतोडे टिपून त्याच्या पुढ्यात धरते, आणि कोणी जवळ आले तर पाय लोंबकळत ठेवून वेडेवाकडे उडत त्याला दूर नेते. ज्यास पिल्लू पाहावयाचे असेल त्याने म्हणून पिल्लाचा नव्हे, आईच्या वागण्याचा मागोवा घ्यावा. ही विद्या ज्यांना अवगत होती ते लोक दफ्तरात नव्हते. ते मेंढरांमागे हिंडणारे धनगर आणि फासे लावणारे पारधी होते. हे ज्ञान सदैव दयेनेच वापरले गेले असे मात्र नव्हे. भिल्लांची अशी रीत सांगितलेली आढळते की, अंडे वा पिल्लू असलेल्या जागेभोवती काटक्या पेटवीत, आणि आई धावून आली व तिचे पंख होरपळले म्हणजे तिला धरीत. मॅन्सफील्डची बंदूक आणि ही आग यांत मला तरतमभाव करवत नाही. एवढेच की, आग लावणाऱ्यास निदान पिल्लू कोठे आहे हे ठाऊक होते.

बंदूक आणि फासा यांहून अधिक घातक ठरले ते जमिनीचे वर्गीकरण. मोजणीखात्याच्या कागदात जिरायत आहे, बागायत आहे, गायरान आहे. जेथे नांगर चालत नाही त्या तुकड्यास पोटखराबा म्हणावे, आणि आकारणीतून तो वजा करावा, असा शिरस्ता. पक्ष्याचे घर याच वजाबाकीत होते. ज्या जमिनीची सरकारदरबारी किंमत शून्य, तिचा बचाव कोण करणार? १९५० मध्ये याच जिल्ह्यात, लोणीस, सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी नेवाशाच्या शिवारात आले, सोनई आणि भेंडे येथे कारखान्यांची धुराडी उठली, आणि जेथे कुसळी होती तेथे ऊस व कांदा झाला. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याने पाणी आल्यावर माळ फोडला, यात त्याचा काडीचा दोष नाही. पण उसाच्या फडात माळढोक अंडे घालीत नाही.

कायदेही झाले. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण कायदा, १९७२ चा केंद्राचा कायदा आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात माळढोक. मग १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले, ज्यात कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे हे तालुके होते. अर्थात अंडे घालावयास ज्यास हातभर मोकळी जमीन पुरते त्याच्या नावे गावेच्या गावे, शाळा-बाजार-विहिरींसकट, अभयारण्यात गेली, खाजगी जमिनींच्या व्यवहारांस अडथळे आले, आणि ज्याने पक्षी जन्मात पाहिला नाही असा मनुष्यही त्यास शिव्या देऊ लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच होता. सोलापूरजवळच्या नान्नजचे नावच काय ते त्याच्याशी जोडलेले राहिले.

आता जे थोडे माळढोक उरले आहेत त्यांतील बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटी गवतात. तेथे २०१९ पासून माळावरची अंडी उचलून यंत्रात उबवितात, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाने झालेले पहिले पिल्लू सुदासरीच्या केंद्रात अंड्यातून बाहेर आले. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी दिली, आणि त्याच्या जन्माची तारीख कागदावर उतरली.