तबकड्यांचा बखेडा आणि देवपूरची घरे

घरी चित्रपट पाहण्याच्या साधनांवरून जपान, युरोप आणि अमेरिकेतील कंपन्यांमध्ये १९७५ पासून २००८ पर्यंत जी भांडणे झाली, त्यांचा इतिहास बहुधा कोणती कंपनी जिंकली आणि कोणती हरली एवढ्यापुरताच लिहिला जातो. दर खेपेला नवे यंत्र विकत घ्यावे लागलेल्या आणि जुन्या कॅसेटी, जुन्या तबकड्या निरुपयोगी होताना पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या इतिहासात फारशी जागा नसते. आणि ते गिऱ्हाईक खान्देशातील असेल, तर मुळीच नसते. वास्तविक धुळे, जळगाव, नंदुरबार या भागात या भांडणांची झळ वेगळ्याच ठिकाणी बसली. चित्रपट आज ना उद्या दुसऱ्या वाटेने पुन्हा पाहायला मिळतो. परंतु लग्न, हळद आणि कानबाई, आखाजी या सणांचे जे चित्रण कुटुंबांनी त्या त्या वेळी चालू असलेल्या साधनावर करून घेतले, त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते, आणि साधन बंद पडले की ते चित्रण घरात असूनही नसल्यासारखे होते.

पांझरा नदीच्या उत्तर काठावरचे देवपूर हा धुळे शहराचाच भाग असला, तरी त्याची घडण आग्रा रोडच्या बाजारपेठेभोवती वाढलेल्या जुन्या धुळ्याहून निराळी आहे. महाविद्यालये, शाळा आणि त्यांच्या आसपास वसलेल्या नोकरदारांच्या कॉलन्या हे देवपूरचे रूप असल्यामुळे, पगारातून पैसे बाजूला टाकून घरात एकेक वस्तू आणणारा वर्ग तेथे मोठा होता, आणि चुकीची वस्तू घेतली गेली तर सर्वांत जास्त हळहळही याच वर्गाला वाटत असे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्याच सुमारास व्हीसीआर, म्हणजे चुंबकीय फितीवर चित्र व आवाज उतरवून घेणारे आणि ते टीव्हीवर दाखवणारे यंत्र, मुंबईमार्गे गावोगाव पोहोचू लागले. ते विकत घेणे थोड्यांनाच परवडत असल्यामुळे टीव्हीसह एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे, शेजारपाजार जमवायचा आणि पहाटेपर्यंत दोन-तीन चित्रपट ओळीने पाहायचे, अशी रीत महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत पडली. मुंबईत १९६२ साली पुस्तकांचे वाचनालय म्हणून निघालेल्या शेमारूने पुढे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला, यावरूनच या नव्या व्यवसायाला ‘व्हिडिओ लायब्ररी’ हे नाव का शोभले ते कळते.

या पहिल्या टप्प्यातील भांडण सोनी कंपनीची १९७५ ची बीटामॅक्स आणि जेव्हीसी कंपनीची १९७६ ची व्हीएचएस या दोन कॅसेटींमधले होते. कॅसेटींचे आकार वेगळे असल्यामुळे एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रात शिरतच नसे. भाड्याच्या दुकानात ज्याची कॅसेट मिळेल तेच यंत्र उपयोगाचे, या न्यायाने व्हीएचएस टिकली. त्यापेक्षा अधिक छळ प्रक्षेपणपद्धतींच्या फरकाने केला. भारतात पाल ही पद्धत, तर अमेरिकेत एनटीएससी. एका सेकंदात दाखवायच्या चित्रांची संख्या आणि चित्रातील आडव्या रेषांची संख्या दोन्हींत भिन्न. परिणामी अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी मोठ्या हौसेने पाठवलेली बारशाची किंवा लग्नाची कॅसेट इकडच्या यंत्रात घातली, की चित्र एकतर रंगहीन दिसे किंवा वरखाली पळत राही. बिघाड ना कॅसेटमध्ये असे, ना यंत्रात, त्यामुळे तो दुरुस्तही करता येत नसे.

तबकडीचा खरा प्रवेश मात्र व्हीसीडीने झाला, आणि खान्देशापुरते बोलायचे तर घरगुती चित्रपटाचा इतिहास हा मुख्यतः व्हीसीडीचाच इतिहास आहे. फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता या कंपन्यांनी १९९३ साली ठरवलेल्या या पद्धतीत, गाण्यांसाठी बनवलेल्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या सीडीवरच चित्रपट बसवला जाई. त्यासाठी चित्र अतिशय दाबून लहान करावे लागे. पाल पद्धतीच्या पडद्यावर ५७६ रेषा दिसू शकत असताना व्हीसीडीत केवळ २८८ रेषा असत, आणि एका तबकडीवर ७४ मिनिटांचा मजकूर मावे. अमेरिकेने ही पद्धत जवळजवळ नाकारली, तर चीनने ती डोक्यावर घेतली. चिनी कारखान्यांतून निघालेले स्वस्त प्लेयर आणि सुटे भाग १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय बाजारात पसरले. हिंदी चित्रपट तीन तासांचा असल्यामुळे तो दोन, प्रसंगी तीन तबकड्यांवर विभागला जाई, आणि दुसरी तबकडी हरवल्यामुळे अर्धाच उरलेला चित्रपट अनेक घरांत असे. तरीही २० किंवा २१ इंची टीव्हीवर व्हीसीडीचे चित्र लोकांना पुरेसे वाटे, फीत गुंडाळण्याची कटकट नसे, आणि मुख्य म्हणजे यंत्र स्वस्त असे. व्हीसीडी जिंकली ती गुणवत्तेवर नव्हे, हे खरे. पण ज्या गिऱ्हाइकाला दोनशे किलोमीटर अंतरावरून दुरुस्तीसाठी माणूस बोलावता येत नसे, त्याने साध्या यंत्राला पसंती दिली यात त्याची समजूत कमी पडली असे मुळीच म्हणता येत नाही.

व्हीसीडीचे दोष मात्र तिच्या घडणीतच होते. साध्या सीडीवर संगणकाची माहिती साठवताना प्रत्येक लहान खंडात २०४८ बाइट माहिती ठेवून उरलेली जागा चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीत ती राखीव जागाही चित्रासाठी वापरून खंडामागे २३२४ बाइट भरले जात. त्यामुळे बारीकशा ओरखड्यानेही पडद्यावर चौकोन-चौकोन उमटत, आवाज तुटे आणि सीडी अडकून बसे. कॅसेट खराब झाली तर मुंग्या येत, पण चित्र पुढे सरकत राही; व्हीसीडी मात्र एका जागी थांबली की थांबली. घरोघरी तबकडीची चकाकणारी बाजू जिवापाड जपली जाई आणि वरची, नाव लिहिलेली बाजू निष्काळजीपणे हाताळली जाई. सीडीच्या रचनेत माहितीचा थर त्या वरच्या बाजूलाच, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो, ही गोष्ट विकणाऱ्यानेही कधी सांगितली नाही. वधू-वरांची नावे बॉलपेनने दाबून लिहिलेल्या आणि पुढे स्टिकर उपटून काढलेल्या कितीतरी तबकड्या याच अज्ञानामुळे गेल्या.

याच स्वस्त साधनांच्या जगात धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवरील मालेगावाने स्वतःचा चित्रपट उभा केला. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केलेला ‘मालेगाव के शोले’ २००० साली दाखवला गेला. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या अनुबोधपटाने ती चळवळ जगापुढे नेली. अहिराणी बोलीतील गाण्यांचे आणि विनोदी प्रसंगांचे अल्बमही पुढे व्हीसीडीवर निघाले. एरवी चित्रपटगृहात क्वचितच शिरलेली बोली या दुय्यम मानल्या गेलेल्या तबकडीमुळे घराघरांत टीव्हीवर ऐकू आली, आणि हा व्हीसीडीचा मोठा उपकार नोंदवलाच पाहिजे.

डीव्हीडीच्या जन्माआधी पुन्हा तेच भांडण पेटले होते. सोनी आणि फिलिप्स यांची एक तबकडी, तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर यांची दुसरी. संगणक कंपन्यांनी दोन्ही नाकारण्याचा धाक घातल्यावर १९९५ च्या अखेरीस एकच डीव्हीडी ठरली आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये ती जपानच्या बाजारात आली. पण मिटलेले भांडण लगेच दुसऱ्या दारांनी परत आले. चित्रपट कंपन्यांच्या आग्रहावरून जगाचे प्रदेश पाडण्यात आले. भारत पाचव्या प्रदेशात आणि अमेरिका पहिल्या, त्यामुळे तिकडे रोख पैसे मोजून घेतलेली अधिकृत तबकडी इकडच्या यंत्राने नाकारावी असा नियमच झाला. चोरीची नक्कल मात्र कुठल्याही यंत्रात चाले. प्रामाणिक गिऱ्हाइकाला अडवणारी आणि नकलाकाराला मोकळे सोडणारी ही व्यवस्था अन्यायाची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यानंतर कोऱ्या डीव्हीडीचेही दोन प्रकार झाले, पायोनियरची वजा चिन्हाची आणि २००२ च्या सुमारास सोनी-फिलिप्स गटाने आणलेली अधिक चिन्हाची, आणि दुकानात कोरी तबकडी मागणाऱ्याला आपले यंत्र ‘प्लस’ उचलते की ‘मायनस’ हे आधी ठाऊक असावे लागे.

सर्वांत जिव्हारी लागणारा घोळ मात्र जुन्या व्हीसीडी आणि नव्या डीव्हीडी प्लेयरच्या गाठीत झाला, आणि त्याचे कारण प्रकाशात दडलेले आहे. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असतो. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, तांबडा. कारखान्यात छापलेल्या सीडीत धातूचा परावर्तक थर आणि साच्यातून उठवलेले खळगे असल्यामुळे ती तांबड्या प्रकाशातही वाचता येते. लग्नाची सीडी मात्र कारखान्यात छापलेली नसते. शूटिंगवाला मिक्सिंग करून, म्हणजे चित्रणाची काटछाट करून त्यावर गाणी आणि फुलापानांच्या चौकटी चढवून, ती कोऱ्या सीडीवर ‘राइट’ करतो, आणि त्या कोऱ्या सीडीतील सेंद्रिय रंगाचा थर तांबडा प्रकाश परावर्तित करण्याऐवजी शोषून घेतो. म्हणून दोन निराळे लेसर नसलेल्या सुरुवातीच्या कित्येक डीव्हीडी प्लेयरनी बाजारातल्या चित्रपटांच्या व्हीसीडी दाखवल्या, पण घरच्या लग्नाची व्हीसीडी उचलली नाही. गिऱ्हाईक शूटिंगवाल्याला दोष देई, शूटिंगवाला प्लेयरला, दुकानदार ‘लोकल’ सीडीला. दोष कोणाचाच नव्हता आणि पैसे मात्र गिऱ्हाइकाचेच गेलेले असत.

किमतीचा प्रश्न मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ साली एका फटक्यात सोडवला. तिने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा अधिकृत तबकडी प्रथमच नकलेच्या भावात मिळू लागली आणि व्हीसीडी घ्यावी की डीव्हीडी, हा प्रश्न सहा रुपयांवर आला. पुढे इंटरनेट आणि मेमरी कार्ड यांनी तो धंदाच बुडवला. २०१७ साली कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि नंतर ती विसर्जनात गेली. मोझर बेअरने किमती उतरवल्या त्याच काळात तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनी गटाची ब्लू-रे यांचे जगभर गाजलेले युद्ध चालू होते. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. जुन्या पद्धतीचे टीव्ही आणि राज्यभरातील भारनियमन यांच्याशी झगडणाऱ्या खान्देशी घरांना त्या युद्धाचा स्पर्शही झाला नाही. ती घरे सरळ व्हीसीडीवरून पेन ड्राइव्हवर आणि तेथून मोबाइलवर गेली.

या वाटचालीत मागे काय राहिले, हा खरा प्रश्न आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे वीस वर्षे या भागातील लग्नांचे चित्रण आधी व्हीएचएस कॅसेटवर, मग व्हीसीडीवर, मग डीव्हीडीवर होत गेले. शूटिंगवाल्याने चित्रपटातली गाणी वर चढवली नसतील, तेथे हळदीला आणि मांडवात आज हयात नसलेल्या बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी, त्यांच्या चाली, त्यांचे उच्चार, त्या वेळची लुगडी आणि दागिने असे पुष्कळ काही या फितींत आणि तबकड्यांत आहे. श्रावणात कानबाईच्या रोटांचे आणि आखाजीला झोक्यावरच्या गाण्यांचे चित्रणही काही घरांनी केलेले असणार. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी वेळीच कागदावर उतरवून घेतल्यामुळे. कागद वाचायला यंत्र लागत नाही. फितीचे आणि तबकडीचे तसे नाही: फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले तेव्हा ती या यंत्राची शेवटची उत्पादक होती, आणि कोऱ्या सीडीतील रंगाचा थर तर ऊन आणि उष्णता यांनी फिका पडतो, मग उन्हाळ्यात ४३-४४ अंशांपर्यंत तापणाऱ्या धुळ्यातील पत्र्याच्या माळ्यावर त्याची काय गत होत असेल ते सांगायला नको.

म्हणून देवपूरच्या आणि एकूण खान्देशातल्या घरांनी ही कपाटे आताच उघडावीत. कॅसेटी आधी उतरवून घ्याव्यात, कारण चालू स्थितीतील व्हीसीआर आणि त्याचे हेड साफ करू जाणणारा कारागीर दोन्ही दुर्मिळ होत आहेत. व्हीसीडी संगणकात घालून तिच्या एमपीईजीएव्ही नावाच्या कप्प्यातील डॅट फाइल जशीच्या तशी उतरवावी, तिच्या किमान दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि गाणाऱ्या बायकांची नावे, त्यांचे माहेर व वर्ष घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. धुळ्यात १९२७ पासून जुनी कागदपत्रे सांभाळणारे राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. कुटुंबांच्या संमतीने अशा चित्रणांच्या प्रती स्वीकारणारा एक संग्रह या संस्थांनी सुरू करावा. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.