लाटेवरचा पहिला धडा

आज जगातील कोणत्याही किनाऱ्यावर सर्फिंगचा पहिला धडा घ्यायला जा, क्रम साधारण सारखाच असतो. तीन-चार जणांचा गट, वाळूवर ठेवलेली फळी, तिच्यावर पालथे पडून एका झटक्यात उभे राहण्याचा सराव, मग कमरेइतके पाणी. शेवटी शिक्षक मागे उभा राहतो, खांद्यावरून समुद्राकडे पाहतो आणि योग्य लाट आली की फळीला जोराने ढकलतो. हा धडा प्रथम कोणी कोणाला दिला, आणि देणाऱ्याची त्या वेळची स्थिती काय होती, याविषयीचा हा धागा. तो जरा लांब आहे, कारण मध्ये एक राज्य बुडते.

हवाई भाषेत या क्रीडेला ‘हेए नालू’ म्हणतात. लाटेवरून घसरणे, असा त्याचा सरळ अर्थ. युरोपीय लेखणीत तिचे सविस्तर वर्णन उतरले ते कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत. फेब्रुवारी १७७९मध्ये केआलाकेकुआ उपसागरात कुक मारला गेला आणि त्याची नोंदवही पुढे चालवणाऱ्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने लाटांशी खेळणाऱ्या माणसांचे वर्णन लिहून ठेवले. ज्या खडकाळ किनाऱ्यावर आपल्या होड्यांचे तुकडे झाले असते, तेथे ही माणसे मौजेखातर उतरतात, याचा अचंबा त्या वर्णनात स्पष्ट दिसतो.

तेव्हा ‘धडा’ अशी गोष्ट नव्हती. गावातली मुले उथळ पाण्यात आखूड फळी घेऊन पडत-धडपडत शिकत. फळ्यांचे प्रकार मात्र ठरलेले होते : सर्वसामान्यांची पातळ ‘अलाया’, आणि सरदारांची लांब, जाड ‘ओलो’. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पाकी या सरदाराच्या फळ्या आजही आहेत. त्या उचलायला दोन माणसे लागावीत इतक्या जड आहेत. समुद्र शांत असला तर लाटांना बोलावण्याचाही एक विधी होता. किनाऱ्यावरची ‘पोहुएहुए’ नावाची वेल तोडून तिने पाण्यावर फटकारे मारीत आणि मंत्र म्हणत. ही वेल आपल्याला परकी नाही. कोकणच्या पुळणीवर जांभळ्या फुलांची जी मर्यादवेल पसरलेली असते, तीच ही जात.

आता १८६६ या वर्षाशी थोडे थांबू. त्या वर्षी मार्क ट्वेन नावाचा तरुण पत्रकार हवाई बेटांवर आला. होनाउनाउच्या किनाऱ्यावर त्याने फळी घेऊन लाट पकडण्याचा प्रयत्न केला. फळी लाटेबरोबर किनाऱ्याला पोहोचली, ट्वेन तळाशी गेला. पुढे १८७२च्या ‘रफिंग इट’मध्ये हा प्रसंग विनोदाने सांगून त्याने निष्कर्ष काढला की ही विद्या स्थानिकांखेरीज कोणालाही साधणार नाही. त्याच १८६६ साली जॉन पापा ईई हा वृद्ध हवाई गृहस्थ ‘कुओकोआ’ या हवाई भाषेतील वृत्तपत्रात आपल्या आठवणी लिहू लागला होता. राजदरबारात वाढलेला हा माणूस फळ्यांची मापे, लाकडाच्या जाती आणि कोणत्या लाटेवर कसे जावे, हे सारे जाणकाराच्या तपशिलाने नोंदवतो. ट्वेनचा विनोद जगभर वाचला गेला. ईईचे लेखन इंग्रजीत पुस्तकरूपाने येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. सर्फिंगच्या लोकप्रिय इतिहासाचा तोल पुढे बिघडला, त्याचे मूळ मला या विषमतेत दिसते.

हा तोल बिघडला म्हणजे काय? प्रचलित कथा अशी : १८२०मध्ये मिशनरी आले, त्यांनी खेळ बंद पाडला, कला मेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी काही उत्साही गोऱ्या माणसांनी तिला पुन्हा जिवंत केले. मिशनरींचा पुढारी हायरम बिंगहॅम याने १८४७मध्येच हा आरोप झटकला होता. सभ्यता, उद्योग आणि धर्म वाढला म्हणून फळ्या मागे पडल्या, आम्ही विरोध केला असे समजू नका, असा त्याचा बचाव. बचाव वाचताना हसू येते. पण केवळ मिशनरींना दोष देणेही पुरेसे नाही. परकीय जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी माणसेच नाहीशी होत होती. कुकच्या आगमनाच्या वेळची लोकसंख्या काही लाखांत होती, इतके सर्व अभ्यासक मान्य करतात; १८९०च्या जनगणनेत मूळ व मिश्र वंशाचे हवाई लोक मिळून सुमारे ४० हजार उरले. जिथे गावेच ओस पडली, तिथे लाटांवर कोण जाणार?

तरीही कला मेली नव्हती. १८८५मध्ये कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या तीन हवाई राजपुत्रांनी रेडवुडच्या फळ्या करवून घेतल्या आणि सांताक्रूझला सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वारी केली. राजकन्या काइउलानी वायकीकीला सर्फिंग करीत असे. मेलेल्या कलेला राजपुत्र सुट्टीत बरोबर घेऊन जात नाहीत.

मेले ते राज्य. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन व्यापारी व मळेवाल्यांच्या गटाने, बंदरातून उतरलेल्या अमेरिकन नौसैनिकांच्या सावलीत, राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले. १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाई भाषेचे माध्यम गेले. १८९८मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. १९०१मध्ये वायकीकीच्या वाळूवर मोआना हॉटेल उघडले. या चार तारखा एकापुढे एक ठेवल्या, म्हणजे ‘पहिला धडा’ कोणत्या भूमीवर दिला गेला ते कळते. ज्यांची सत्ता, भाषा आणि जमीन हातून गेली होती, त्यांच्याकडे समुद्राचे ज्ञान उरले होते; आणि आता त्याला गिऱ्हाईक आले होते.

१९०७मध्ये कादंबरीकार जॅक लंडन स्वतःच्या ‘स्नार्क’ नौकेतून होनोलुलूला पोहोचला. त्याचा धडा हा या विद्येचा मला माहीत असलेला सर्वांत तपशीलवार लेखी धडा आहे. तो आधी लहान मुलांच्या घोळक्यात आखूड फळी घेऊन एकटाच झटत राहिला. मुले लाटेबरोबर निघून जात, हा मागेच. तेवढ्यात अलेक्झांडर ह्यूम फोर्ड हा दक्षिण कॅरोलिनाचा पत्रकार तेथे आला. त्याने ती फळी टाकून द्यायला लावली, स्वतःची मोठी फळी दिली, लंडनला तिच्यावर नीट पालथे झोपवले, लाटेची वाट पाहिली आणि नेमक्या क्षणी ढकलले. लंडन थेट किनाऱ्याला लागला. मग पायांनी दिशा कशी बदलावी, ते त्याला कळले. शिकवणीचा सारा क्रम येथे हजर आहे : मोठी फळी, निवडलेली लाट, मागून धक्का, मग सुकाणू. शंभराहून अधिक वर्षांत यात मूलभूत भर पडलेली नाही.

पण फोर्डने तरी हे कोठून घेतले? तोही बेटांवर नवखाच होता, वायकीकीच्या मुलांत मिसळून शिकलेला. खोल पाण्यातल्या मोठ्या लाटांवर लंडनला उपयोगी पडला तो जॉर्ज फ्रीथ, १८८३मध्ये होनोलुलूत जन्मलेला, अंशतः हवाई वंशाचा तरुण. त्या दिवशी लंडन उन्हात इतका भाजला की पुढचे काही दिवस अंथरुणाला खिळला. ऑक्टोबर १९०७मध्ये त्याचा लेख ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या मासिकात आला. जे हवाई माणसाला जमते ते आपल्यालाही जमेल, हा त्या लेखाचा आग्रह. ट्वेनच्या निष्कर्षाला दिलेले हे उत्तरच म्हणा. फ्रीथ त्याच वर्षी कॅलिफोर्नियाला गेला. तेथे हेन्री हंटिंग्टनच्या रेल्वेचे प्रवासी रिडॉन्डोच्या किनाऱ्याकडे खेचण्यासाठी त्याची प्रात्यक्षिके होऊ लागली. डिसेंबर १९०८मध्ये वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचवल्याबद्दल त्याला जीवरक्षणाचे सुवर्णपदक मिळाले. १९१९मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला, तेव्हा वय अवघे ३५.

१९०८मध्ये फोर्डच्या पुढाकाराने मोआनाशेजारी आउटरिगर कनू क्लब स्थापन झाला. उद्देश सर्फिंगच्या जतनाचा. सभासद प्रामुख्याने गोरे. त्याच किनाऱ्यावर झाडाखाली जमणाऱ्या हवाई तरुणांनी १९११मध्ये ‘हुई नालू’, म्हणजे लाटांचे मंडळ, रीतसर उभे केले. ड्यूक काहानामोकू त्यांतलाच; पुढच्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्याने जिंकले. इसाया हेलेकुनिही वॉकर या हवाई इतिहासकाराची मांडणी अशी की जमिनीवर सर्वत्र मागे रेटले गेलेले हवाई पुरुष लाटांच्या पट्ट्यात मात्र आपला अधिकार राखून होते. मला ही मांडणी बव्हंशी पटते. मात्र संध्याकाळी पाण्याबाहेर आल्यावर त्याच पुरुषांना हॉटेलच्या पाहुण्यांची छत्री लावून द्यावी लागे, ही बाजूही तितक्याच ठळकपणे मांडायला हवी.

हेच ते वायकीकीचे ‘बीच बॉइज’. प्रौढ, निष्णात माणसांना ‘बॉय’ म्हणणे ही वसाहतींची जुनी खोड. मुंबईच्या क्लबांत टेबलाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या केसांच्या नोकरालाही हीच हाक मारली जाई. परंतु हे नाते निव्वळ नोकर-मालकाचे नव्हते. एक शिक्षक एखाद्या कुटुंबाला त्यांच्या मुक्कामभर सांभाळी : सकाळी फळी, दुपारी आउटरिगर होडी, रात्री युकुलेले. आगबोट सुटताना तो धक्क्यावर हार घेऊन उभा असे आणि पुढच्या वर्षी तेच कुटुंब त्याचेच नाव घेऊन येई. स्टीमबोट मोकुआही, टर्की लव्ह, पनामा डेव्ह ही टोपणनावे गिऱ्हाइकांच्या तोंडी बसली होती. पाण्यात उतरले की लक्षाधीशालाही तो सांगेल तेव्हाच हात मारावे लागत. मिळकत पुष्कळदा बक्षिशीवर अवलंबून असे, आणि पाहुण्यांचा हंगाम सरला की तीही सरे.

या विद्यार्थ्यांत एक नाव आपल्या इतिहासात वेगळ्या कारणाने येते. १९२०मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड ‘रिनाउन’ या युद्धनौकेवरून दौऱ्यावर असताना वायकीकीला थांबला आणि काहानामोकू मंडळींच्या हाताखाली सर्फिंग शिकला. फळीवर उभा असलेले त्याचे छायाचित्रही आहे. सोबतच्या लवाजम्यात तरुण लुई माउंटबॅटन होता. हाच राजपुत्र त्याच जहाजाने १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला, तेव्हा शहरात बहिष्कार होता, विदेशी कापडाची होळी होती, आणि नंतरच्या दंगलीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. दोनच दिवसांनी पुण्यात छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत त्याने शिवस्मारकाची कोनशिला बसवली. एका किनाऱ्यावर राज्य गमावलेले लोक त्याला लाटेवर चढवतात, दुसऱ्या किनाऱ्यावर लोक त्याच्या स्वागताला येणाऱ्यांनाच अडवतात. साम्राज्याचा अभ्यास करताना हे दोन्ही किनारे एकत्र पाहण्याची सवय आपल्याला नाही.

१९२२मध्ये ॲगाथा ख्रिस्ती पती आर्चीसह साम्राज्य प्रदर्शनाच्या प्रचारदौऱ्यावर होती. दक्षिण आफ्रिकेत मुइझेनबर्गला ती पातळ फळीवर पालथी पडून लाटा घेण्यास शिकली होती. वायकीकीला आल्यावर ते कौशल्य अपुरे पडले. पोवळ्यांनी पाय कापले, उन्हाने पाठ सोलली, लाटेने रेशमी पोहण्याचा पोशाख जवळजवळ उतरवला; मग तिने लोकरीचा हिरवा पोशाख विकत घेतला. अखेर एके दिवशी ती उभ्याने किनाऱ्यापर्यंत आली. आत्मचरित्रात त्या क्षणाचा आनंद तिने ज्या मोकळेपणाने लिहिला आहे, तो तिच्या एकाही हेरकथेत सापडत नाही. तेव्हाच्या फळ्या सलग लाकडाच्या, पुष्कळदा २५ किलोंहून जड, आणि खाली कल्ला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या यशाची किंमत कळते.

ड्यूकने १९१५च्या जानेवारीत सिडनीजवळ फ्रेशवॉटरला १५ वर्षांच्या इझाबेल लेथमला आपल्याच फळीवर घेऊन लाट पकडली, ही कथा सर्वश्रुत आहे. ती ऑस्ट्रेलियातली पहिली सर्फर होती, हा दावा मात्र आता टिकत नाही. तिच्याआधीही तेथे फळीवर उभे राहणारे होते. गोष्टीला आरंभबिंदू लागतो, म्हणून तिचे नाव राहिले.

पुढचा भाग साधनांचा आहे आणि तो थोडक्यात आटोपता येतो. १९३५मध्ये टॉम ब्लेकने फळीखाली कल्ला बसवला. फळी वळू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि फोम आले. फळी हलकी झाली. १९५९च्या ‘गिजेट’ चित्रपटानंतर कॅलिफोर्नियाचे किनारे नवशिक्यांनी भरले. १९७०च्या दशकात फळी घोट्याला दोरीने बांधण्याची पद्धत रूढ झाली आणि नवशिक्याचा निम्मा दिवस फळीमागे पोहण्यात जाईनासा झाला.

वायकीकीला नवशिक्यांना आजही प्रामुख्याने ‘कनूज’ नावाच्या लाटेवर नेतात. ती दूरवरून, सावकाश, एकसारखी येते. शेजारच्या लाटेचे नाव ‘क्वीन्स’. राणी लिलिउओकलानीचे समुद्रकाठचे घर तिच्यासमोर होते.

१९२१च्या मुंबईवर अनेकांनी विचारणा केली होती; पुढचा धागा त्यावर.