टर्पिने व त्वचेची पार्यता

वनस्पतींच्या बाष्पनशील तेलांतील आयसोप्रीन-घटित संयुगांमुळे त्वचेतून औषध आत शिरण्याचे प्रमाण वाढणे. निलगिरीतील सिनिओल, पुदिन्यातील मेंथॉल, ओव्यातील थायमॉल, रोशा गवतातील जिरॅनिऑल ही प्रमुख टर्पिने होत [→ बाष्पनशील तेले]. औषध आत शिरण्यात खरा अडसर त्वचेच्या सर्वांत बाहेरील, सु. १०–२० मायक्रोमीटर जाडीच्या शृंगस्तराचा. त्यातील सिरॅमाइडे, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांची घट्ट मांडणी टर्पिने विस्कळीत करतात [→ त्वचा]. विल्यम्स व बॅरी या संशोधकांच्या १९९१ मधील प्रयोगांत सिनिओलमुळे ५-फ्ल्युओरोयुरॅसिल या औषधाची पार्यता सु. ९५ पट वाढली. महाराष्ट्रभर डोकेदुखीवर चोळली जाणारी अमृतधारा मूलतः टर्पिनांचीच: ओव्याचे फूल (थायमॉल), पुदिन्याचे फूल (मेंथॉल) व कापूर हे तिन्ही घन पदार्थ बाटलीत एकत्र येताच उष्णतेविना पातळ होतात. मात्र काही टर्पिने त्वचेस त्रासदायकही ठरतात: हवेत ऑक्सिडीकरण झालेले लिमोनीन हे टर्पिन त्वचेस ॲलर्जी करू शकते.