मागचं दार की पुढचं?

किम कार्दाशियन वकील होणार, ही बातमी २०१९ च्या एप्रिलमध्ये वाचली तेव्हा मलाही हसू आलं होतं. रिअ‍ॅलिटी शो आणि सेल्फीमुळे गाजलेली बाई, कॉलेजची पदवी नाही, लॉ स्कूलची पायरीही चढलेली नाही... आणि ही कोर्टात उभी राहणार? अमेरिकेत टिंगल झालीच, पण तिच्यासोबत रागही होता. आम्ही कर्ज काढून तीन वर्षं लॉ स्कूलमध्ये घासायची, आणि हिने पैशाच्या जोरावर मागच्या दाराने शिरायचं?

आज आपल्याकडे कायद्याच्या पदवीशिवाय सनद मिळत नाही, म्हणून हा राग आपल्यालाही पटतो. पण गंमत अशी, की ज्याला लोक मागचं दार म्हणत होते तेच एकेकाळी पुढचं दार होतं. वकिलाच्या हाताखाली राहायचं, त्याची पुस्तकं वाचायची आणि परीक्षा देऊन सनद घ्यायची. अब्राहम लिंकनने तर उसनी पुस्तकं आणून घरीच अभ्यास केला आणि १८३६ मध्ये सनद मिळवली. लॉ स्कूल सक्तीचं झालं ते बरंच नंतर. कॅलिफोर्नियासारख्या मोजक्या राज्यांनी जुनी वाट बुजवली नाही, एवढंच.

याच कॅलिफोर्नियातली क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाच मुलं, नवरा सोडून गेलेला, पोट भरायचं म्हणून ती कायदा शिकायला निघाली. एका नामवंत वकिलाने तिला आपल्या ऑफिसात घ्यायला नकार दिला. बाईची जागा घरात, असं त्याचं म्हणणं. शेवटी वडिलांच्या मदतीने ती शिकली. राज्याच्या कायद्यात वकिलीचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता. तो बदलून घेण्यासाठी ती झगडली आणि १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातली पहिली स्त्री वकील झाली. पुढे हेस्टिंग्ज लॉ कॉलेजने प्रवेश नाकारला तेव्हा खटला भरून तोही जिंकली. गरीब आरोपीला सरकारने वकील द्यावा, ही कल्पना अमेरिकेत रुजवणाऱ्यांत तिचं नाव पहिलं घेतात.

लॉस एंजेलिसच्या फौजदारी न्यायालयाच्या इमारतीला २००२ मध्ये तिचं नाव दिलं गेलं. याच इमारतीत १९९५ मध्ये ओ. जे. सिम्पसनचा खटला चालला होता, आणि सिम्पसनच्या वकिलांमध्ये बसले होते रॉबर्ट कार्दाशियन, किमचे वडील!

किमची वाट सोपी होती का? नियमाप्रमाणे चार वर्षं, आठवड्याला किमान अठरा तास अभ्यास, दर महिन्याला परीक्षा. पहिल्या वर्षानंतरच्या परीक्षेत ती तीनदा नापास झाली आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये चौथ्या वेळी पास. चार वर्षांचा अभ्यास २०२५ मध्ये, सहा वर्षांनी संपला. त्याच वर्षीच्या बार परीक्षेत ती नापास झाली, हे तिने नोव्हेंबरमध्ये स्वतःच सांगितलं. परीक्षेने तिचं नाव पाहून गुण दिले नाहीत, एवढं तरी यातून सिद्ध झालं.

लोकांचा राग मात्र अगदीच खोटा नव्हता. फक्त तो चुकीच्या जागी होता. या वाटेवर सगळ्यात कठीण काय असेल तर शिकवायला तयार असलेला वकील मिळणं. फोल्ट्झला तो नकार पचवावा लागला. किमला सॅन फ्रान्सिस्कोचे वकील सहज मिळाले. अ‍ॅलिस जॉन्सन ही जन्मठेपेची कैदी एकवीस वर्षांनी २०१८ मध्ये सुटली, ती किमने थेट व्हाइट हाउसमध्ये जाऊन रदबदली केल्यावर. तेही ओळखीचंच बळ. जॉन्सनबाई सुटल्या याचा मला आनंदच आहे. पण ओळख नसलेल्या एखाद्या मुलीने आज त्याच जुन्या दारावर थाप मारली, तर आतून कोण उघडणार? हसण्याऐवजी तेव्हा हे विचारायला हवं होतं. मीसुद्धा.